मागच्या सीटवरचं बोलणं

बुधवार, ८ तारीख

दादा,

सोमवारी पाठवलेल्या पत्रात चूक आहे. मी लिहिलं होतं की रविवारी बाबा आणि मी जोडसायकलवरून यात्रेच्या रस्त्याने डोंगरमाथ्यावरच्या देवस्थानापर्यंत जाऊन आलो, बाबा दिवसभर मागच्या सीटवर जप करत होते आणि तुझा विषय एकदाही निघाला नाही. यातलं जाऊन आलो एवढंच खरं आहे. बाबा जप करत नव्हते. आणि तुझा विषय निघाला नाही हे तर साफ खोटं. तो सकाळी निघाला आणि संध्याकाळपर्यंत संपलाच नाही.

आमच्या प्रयोगशाळेत नियम आहे. रक्ताच्या तपासणीचा आकडा चुकीचा लिहिला गेला तर खोडायचा नाही. त्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी बरोबर आकडा लिहून सही करायची. म्हणून सोमवारचं पत्र फाडू नकोस. त्याच्या शेजारी हे ठेव.

पहिल्यापासून सांगते. शनिवारी जेवताना बाबा एकदम म्हणाले, "ती वर टांगलेली खाली काढ."

आईने विचारलं, "काय टांगलंय?" तिला चांगलं माहीत होतं. तू घर सोडून गेल्यापासून सायकलीच्या दुकानात छताच्या हुकांना एकच वस्तू टांगलेली आहे, आणि तिच्यावरची धूळ दर आठवड्याला कोण पुसतं हेही तिला माहीत आहे.

"जोडसायकल. उद्या जाऊन येतो."

"या वयात?"

"सायकलला वय नसतं."

"सायकलला नसेल. गुडघ्यांना असतं."

पण तिने डबा भरून दिला. उकडलेली अंडी, ब्रेड, केळी, आणि एवढं सगळं की मागच्या कॅरिअरला तिसरा माणूस बसल्यासारखं वाटत होतं.

पुढची सीट मी खाली केली. तू ती तुझ्या उंचीला लावली होतीस, मला ती शिडीसारखी वाटली. खाली करताना बाबा शेजारी उभे होते. ती किती वर होती याची खूण म्हणून त्यांनी नळीवर खिळ्याने एक बारीक ओरखडा काढून ठेवला.

बाबा मागे बसले. सोमवारी मी त्याचं कारण गुडघा असं लिहिलंय. त्यावरही रेघ मार. खरं कारण आज लिहायला जमणार नाही.

निघताना त्यांनी मला शिकवलं की जोडसायकलवर पुढच्याने बोलायचं असतं, कारण मागच्याला फक्त पुढच्याची पाठ दिसते. "खड्डा, वळण, थांब. तीन शब्द पुरेत." तू मला ओळखतोस. मला तीन शब्दांत काही सांगता येत असतं तर काय हवं होतं! गावाबाहेर पडेपर्यंत मी म्हणत होते, बाबा, डावीकडे खड्डा, पण आपण उजवीकडून जातोय, आणि पुढे बहुतेक वळण आहे, पण ते हलकं आहे, आणि तिथे एक पिवळं घर आहे, त्याच्या दाराशी दोन बायका बोलताहेत.

"मास्तरीणबाई," ते मागून ओरडले, "मला रस्ता सांगा. जनगणना नको!"

सकाळभर वारा समोरून होता. कालव्याच्या कडेकडेने सरळ रस्ता, पांढऱ्या चुन्याने रंगवलेले मैलाचे दगड, आणि कडेने चालणारे यात्रेकरू, काही गटाने, काही एकटे. त्यांना मागे टाकताना मी घंटी वाजवायची आणि ते हात वर करायचे. वाऱ्यामुळे मागचं काहीच ऐकू येत नव्हतं, नुसती एक गुणगुण. मला वाटलं, यात्रेचा रस्ता आहे, बाबा नामस्मरण करताहेत. मला बरं वाटलं. थोडी लाजही वाटली, कारण ते देवाचं नाव घेत होते आणि मी खड्डे बघत होते.

एका नळापाशी पाणी प्यायला थांबलो. तिथे काठी टेकून बसलेल्या एक मावशी होत्या, उन्हाने रापलेल्या, पायात पुरुषांचे बूट. त्यांनी आमच्या सायकलीकडे बघितलं आणि बाबांना म्हणाल्या, "काय हो, पोरीला ओढायला लावून तुम्ही मागे मजेत?"

"मजा कसली? अख्खा संसार हिच्या आईचं तोंड बघितलं, आता हिची पाठ बघतोय."

"पॅडल मारता की नुसते पाय फिरवता?"

"तिलाच विचारा."

त्यांनी विचारलं. मी जे खरं होतं ते सांगितलं. चढावर मारतात, सपाटीला फिरवतात.

मावशी इतक्या हसल्या की त्यांना काठी धरावी लागली. बाबा म्हणाले, "ही आमची शिकलेली. खोटं बोलायचं तेवढं शिकवायचं राहून गेलं." आणि हे म्हणताना ते खूश होते, दादा. कोणासमोर 'शिकलेली' म्हणायचं निमित्त मिळालं की ते असेच होतात.

निघण्याआधी ते वाकून सायकलीच्या मधल्या सांध्यावर अंगठा फिरवत होते, दोन सायकली जिथे एकमेकींना जोडल्यात तिथे, तू केलेल्या सांध्यावर. प्रत्येक थांब्याला त्यांनी तेच केलं. मी समजत होते, तडा गेलाय का ते बघताहेत.

चढ आम्ही अर्धा चालवत आणि अर्धा हाताने ढकलत पार केला. माथ्यावर पोचलो तेव्हा माझे पाय लटपटत होते आणि मला इतकं छान वाटत होतं की मी एकटीच हसत होते. दर्शन झालं. धर्मशाळेच्या पायऱ्यांवर बसून आम्ही डबा खाल्ला. सगळा संपला, आईला सांगू नकोस, नाहीतर ती पुढच्या वेळी दुप्पट देईल.

मग बाबा पलीकडच्या कठड्यापाशी गेले. सोमवारच्या पत्रात मी लिहिलं, 'जेवून लगेच परत निघालो.' लगेच नाही निघालो. ते तिथे बराच वेळ उभे होते. पलीकडून खाली जाणारा रस्ता तुझ्या गावाला जातो हे त्यांना कोणी सांगितलं असेल मला माहीत नाही. मी सांगितलेलं नाही.

"या बाजूचा उतार कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"चांगला आहे. डांबरी."

"वळणं?"

"आहेत. पण रुंद आहेत."

"असू दे," ते म्हणाले. आणि वळले.

परतताना वारा तोच होता, पण आता तो पाठीमागून येत होता. उतार संपून कालव्याचा रस्ता लागला आणि मला मागचं सगळं ऐकू यायला लागलं. शब्द न् शब्द.

ते तुझ्याशी बोलत होते.

"थोरल्या, खांदे सैल सोड. हँडल आवळू नको, ते काय पळून जाणार नाही." मग थोडं थांबून, "तुझी आई अजून तुझ्या वाटणीचं शिजवते, आणि मग मला खायला लावते. हे पोट तुझं आहे बघ, माझं नाही." मग दुकानाचं काहीबाही, कुठल्या टायरला हल्ली दम नसतो ते. आणि मग, "पाववाल्याच्या सायकलीचा सांधा तुझाच चांगला होता. माझा कच्चा होता. मला दिसत नव्हतं रे. दिसत नाही हे तुझ्यासमोर म्हणायला जीभ उचलली नाही." मग, "हवेला सांगतोय. हवेला सांगायला काय जातंय."

सकाळीही हेच चाललेलं असणार. वारा समोरून होता म्हणून मला जप वाटला.

मी ऐकत राहिले आणि माझं काम विसरले. पुढे खड्डा होता. मी 'खड्डा' म्हटलं नाही. पुढचं चाक त्यात गेलं, हँडल वाकडं झालं आणि आम्ही दोघंही हळूच, अगदी सावकाश, रस्त्याकडेच्या गवतात आडवे झालो. कोणाला काही लागलं नाही. बाबा गवतात पडल्या पडल्या म्हणाले, "मास्तरीण, झोप लागली होती का?" आणि हसायला लागले. मीही हसले. माझे डोळे हसण्याने ओले झाले असं त्यांना वाटलं असेल.

पडल्याचंही मी सोमवारी लिहिलं नव्हतं.

तुझी,
धाकटी


शुक्रवार, १० तारीख

दादा,

बुधवारचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत मला पश्चात्ताप झाला. बाबांनी जे हवेला सांगितलं ते मी तुला का सांगावं? ते माझं नव्हतं. पेटीपाशी परत गेले, पण पोस्टमन पेटी उघडून गेला होता. मग मला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याचं वाईट वाटलं. माझं हे असं.

आता अर्धं सांगून थांबणं बरोबर नाही, म्हणून डोळ्यांचं सांगते. बाबांना काचबिंदू आहे. कडेचं बरंच गेलंय, मधलं दिसतं. ते म्हणतात, नळीतून बघितल्यासारखं. अख्खी हयात नळ्या जोडल्या, आता एका नळीत जाऊन बसलोय. असं म्हणून स्वतःच हसतात. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, पण थेंब वेळेवर घातले तर उरलेलं राहील. थेंब मी घालते. एक वेळही चुकलेली नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. वेल्डिंग त्यांनी स्वतःहून बंद केलं. आता पंक्चर, चेन, ब्रेक, हवा, एवढंच. गिऱ्हाईक कमी झालंय, पण घराला माझा पगार पुरतो, आणि बाबा दुकानात पूर्वीपेक्षा जास्त गप्पा मारतात.

म्हणून ते मागे बसले. पुढे बसले असते तर कडेने कोण येतंय ते त्यांना दिसलं नसतं.

हे तुला कळवायचं नाही असं त्यांनी मला बजावलं होतं. "तो म्हणेल, बघा, मी बरोबर होतो." मी म्हटलं, दादा असं म्हणणार नाही. ते म्हणाले, "म्हणणार नाही. पण असेल ना बरोबर."

तू गेलास त्या दिवशी मी दुकानात होते, कॉलेजातून येऊन मागच्या बाकावर खात बसले होते. मी काय पाहिलं हे तू मला कधी विचारलं नाहीस, तरी सांगते. बाबा दुपारी झोपले असताना तू त्यांनी केलेला पाववाल्याच्या सायकलीचा सांधा कापून पुन्हा केलास ते मी पाहिलं होतं. तू ते चांगल्या मनाने केलंस. पाववाला रोज पहाटे त्या कॅरिअरवर चार टोपल्या घालून उतारावरून जातो, सांधा सुटला असता तर तो मेला असता. पण मग संध्याकाळी तो आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मास्तर, या वेळी काय सफाईदार काम केलंयत! हात अजून तरुण आहे." बाबा फुलले. हसत हसत त्यांनी सांध्यावर अंगठा ठेवला.

तू त्यांच्या तोंडाकडे बघत होतास. मी अंगठ्याकडे बघत होते. अंगठा पुढे गेला, परत मागे आला, आणि सांधा आपला नाही हे ओळखून थांबला. आपल्या घरात हे असंच आहे, दुसऱ्या कुठल्या घरात भांडणाला जमीन लागते, दागिने लागतात. आपल्याकडे एक गुळगुळीत सांधा पुरला. तू त्यांना 'तुम्हाला दिसत नाही' असं तोंडावर म्हणाला असतास तर ते आठवडाभर ओरडले असते आणि मग गप्प बसले असते. त्यांच्या पाठीमागे दुरुस्त केलंस आणि त्याचं कौतुक त्यांना घेऊ दिलंस, ते त्यांना सोसलं नाही.

"उद्यापासून स्वतःचं दुकान बघ," ते म्हणाले. आणि तू खरंच बघितलंस. दादा, ते मला रोज म्हणायचे, 'उद्यापासून शाळेत जाऊ नको,' कारण मी अभ्यासाला रात्रभर दिवा जळत ठेवायची. मी कधी थांबले का?

हे लिहायला नको होतं कदाचित. रेघ मारत नाही, राहू दे.

विचारायचं होतं ते विचारते. आम्ही कधी डोंगराच्या त्या बाजूने उतरलो, तर तू दुकान बंद करून निघून जाशील का? फोनवर तू 'बरं आहे, बरं आहे' म्हणून ठेवतोस, म्हणून पत्रात विचारते. उत्तर प्रयोगशाळेच्या पत्त्यावर पाठव.

तुझी,
धाकटी


मंगळवार, २१ तारीख

दादा,

तुझं पत्र काल आलं. मी ते रक्ताच्या नळ्यांच्या रॅकशेजारी उभी राहून वाचलं, जे करायला मनाई आहे. वाचून पहिल्यांदा मला तुझा रागच आला. एवढ्या पानभर मजकुरात 'बाबा' हा शब्द एकदाही नाही! नुसते प्रश्न, मधला सांधा टिकला का? चेन ताणली होती का? सीट किती बोटं खाली केली? 'त्या बाजूच्या उतारावर दुसऱ्या वळणाला खडी आहे, तिथे उतरून चाला. उतारावर मागचा ब्रेक आधी, मग पुढचा. मागच्याला आधी सांगून मगच ब्रेक लाव, नाहीतर तो पुढे आदळतो.' आणि शेवटी, 'दुकान रविवारीही उघडं असतं.'

मग मी परत वाचलं. 'मागच्याला आधी सांगून' इथे थांबले. मग मला समजलं की तुम्ही दोघंही एकाच नळीचे तुकडे आहात, आणि तुमच्याकडून यापेक्षा जास्त शब्दांची अपेक्षा मीच करत होते.

तर उत्तरं. सांधा टिकला, बाबांनी पाच-सहा वेळा तपासला. चेन थोडी सैल होती, आता ताणली आहे. सीट तीन बोटं.

मी आईला सगळं सांगितलं. तिने भाजी चिरणं थांबवलं नाही. म्हणाली, "मला काय सांगतेस? तुझे बाबा रात्री झोपेतसुद्धा त्याच्याकडे पाना मागतात." मी विचारलं, मग इतके दिवस तू काही केलं का नाहीस? ती म्हणाली, "दोघांना मीच जेवायला वाढायचं आणि दोघांच्या तोंडात शब्दही मीच घालायचे का?" मग थोड्या वेळाने, "सोबत काय देऊ? त्याला तिकडे नीट खायला मिळतं का?" मी म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही. ती म्हणाली, "हो हो," आणि माळ्यावरचा मोठा डबा काढायला स्टूल ओढलं.

आता माझी पंचाईत. मला सोपं काय आहे ते माहीत आहे. सकाळी बाबांना म्हणायचं, चला, परत देवस्थानाला जाऊ. माथ्यावर पोचायचं, हँडल माझ्या हातात, ते मागे, त्यांना कडेचं दिसत नाही. मी पलीकडच्या उतारावर वळले तर त्यांना पहिल्या वळणापर्यंत कळणारही नाही. प्रयोगशाळेतली माझी मैत्रीण म्हणाली, "तसंच कर. भेटल्यावर सगळं विसरतील." असेल. पण आपल्या घरात एकदा त्यांच्या पाठीमागे काहीतरी चांगलं केलं गेलंय, आणि त्याचं काय झालं ते आपण पाहिलंय. मी दुसऱ्यांदा ते करणार नाही. जे मला त्यांच्याशी बोलायचंय ते त्यांच्या तोंडावर बोलेन.

भीती याची आहे की मी ऐकलं हे कळलं तर ते पुन्हा कधी असे बोलणार नाहीत. हवेशीसुद्धा नाही. ते जोडसायकल परत हुकाला टांगतील, आणि मी तुला लिहिलं म्हणून कदाचित काही दिवस मला मास्तरीण म्हणणार नाहीत. मी हे दोन आठवडे उलटसुलट करून पाहिलं. पण एक गोष्ट आहे. तुला सगळं सांगितलं आणि त्यांना नाही, म्हणजे तुझ्या-त्यांच्यामधलं तुला माहीत आणि त्यांना नाही. ते बरोबर दिसत नाही मला, कसंही बघितलं तरी.

काल संध्याकाळी मी दुकानात गेले होते. बाबा एका शाळेच्या मुलीच्या सायकलीचा ब्रेक लावत होते. तिला म्हणत होते, "आता दाबून बघ. डोळे मिटून दाब. हाताला कळतं." तिने डोळे मिटून ब्रेक दाबला आणि म्हणाली, "लागतोय!" बाबा म्हणाले, "लागणारच. मी लावलाय." इतकं प्रसन्न तोंड मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मला वाटलं, हा माणूस एवढा ताठ राहिलेला नाही. आपणच त्याला अजून त्या दिवसासारखा धरून बसलोय, तू तिकडे आणि मी इथे.

तर असं ठरवलंय. मी त्यांना सांगेन की परतताना वारा मागून होता आणि मी सगळं ऐकलं. तुला कळवलं हेही सांगेन. तुझं पत्र वाचून दाखवेन, खडी आणि ब्रेक आणि सगळं, एकही शब्द न गाळता. मग विचारेन की दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाजूने उतरायचं का. ते 'नाही' म्हणाले तर तुला फोन करीन आणि तू नुसतं 'बरं आहे' म्हणून ठेवायचं नाहीस. 'हो' म्हणाले तर रविवारी, सव्वीस तारखेला, ऊन चढायच्या आत आम्ही माथ्यावर असू. तू वर घ्यायला येऊ नकोस. त्यांना स्वतःच्या पायांनी खाली उतरू दे. मी प्रत्येक ब्रेकच्या आधी त्यांना सांगेन.

शनिवारी दुपारी दुकान बंद करून ते चहाला घरात येतात. त्यांचा कप रिकामा झाला की मी बोलेन. शनिवारी, पंचवीस तारखेला.

तुझी,
धाकटी